हाफ इंजिन की फुल इंजिन: चासीवरच काम करून घेताना पैसे कुठे जातात

ऑइल खाणारी गाडी ट्रान्सपोर्ट नगरातल्या मेस्त्रीकडे नेली की पहिला प्रश्न येतो, "शेठ, हाफ करायचं की फुल?" हाफ म्हणजे इंजिन चासीवरच ठेवून वरून हेड आणि खालून चेंबर काढायचा, पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंगं बदलायची आणि जागेवरच पुन्हा बांधायचं. फुल म्हणजे गिअरबॉक्स सोडवून इंजिन साखळी-पुलीवर टांगून खाली घ्यायचं आणि ब्लॉक नि क्रँक मशीन शॉपला पाठवायचे. पहिल्या कामाला चार-पाच दिवस, दुसऱ्याला दहा-पंधरा. त्यामुळे बहुतेक मालक प्रश्न पुरा व्हायच्या आत "हाफ" म्हणून मोकळे होतात. ही घाई महागात पडते. काम कोणतं करायचं हे क्रँक आणि ब्लॉकच्या मापावर ठरतं, आणि चेंबर उघडून मायक्रोमीटर लावल्याशिवाय ते माप मेस्त्रीलाही ठाऊक नसतं.

पण त्याआधीचा प्रश्न: इंजिन खोलायची खरंच गरज आहे का?

धूर इंजिनाचाच आहे का

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, गरम इंजिनातून सतत पांढरा म्हणजे पाणी किंवा न जळलेलं डिझेल. एवढं प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं. मात्र ऑइल कुठून येतंय हे धुराच्या रंगावरून कळत नाही. टर्बोचं सील गेलं तरी निळा धूर येतो आणि टर्बोची दुरुस्ती पंधरा हजारांच्या आत-बाहेर होते. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा होज सोडून आत बोट फिरवा. नुसता ओलसरपणा चालतो, ऑइल साचलेलं असेल तर आधी टर्बोवाल्याला गाठा. एअर टाकीचा ड्रेन उघडल्यावर ऑइलची पिचकारी उडाली तर ब्रेकचा कॉम्प्रेसर ऑइल ओढतोय. त्या बिचाऱ्या एका सिलिंडरच्या पापासाठी सहा सिलिंडर खोलायचं कारण नाही.

गाडी चढाला दम सोडते म्हणून इंजिन खोललं आणि शेवटी एअर फिल्टर किंवा नोझल निघाला, असं फार वेळा होतं. आधी फिल्टर, मग नोझल आणि पंप, मग व्हॉल्व्ह क्लिअरन्स, आणि हे सगळं ठीक असेल तरच रिंगांकडे वळायचं.

रिंगा-बोअर खरंच झिजले असतील तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतं. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल भरायच्या तोंडावर झाकण उलटं टेकवून पाहा. झाकण नाचून खाली पडलं आणि ब्रीदरमधून धापा टाकल्यासारखी वाफ येत असेल, तर शंका रास्त आहे. त्यावर सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने घ्यायला सांगा. सहाही आकडे सारखे खाली आले असतील तर झीज वयाची आहे. एकच सिलिंडर पडला असेल तर तो व्हॉल्व्ह, फुटलेली रिंग किंवा हेड गॅस्केट असू शकतो, आणि नुसतं हेड उतरवून काम भागण्याची शक्यता उरते.

तुमच्या इंजिनात लायनर आहे का

मालक सहसा हा प्रश्न विचारत नाहीत, आणि सगळा हिशेब याच्यावरच उभा आहे.

काही इंजिनांत पिस्टन ज्या नळीत फिरतो ती नळी वेगळी असते. तिच्या बाहेरून थेट कूलंट खेळतं, खाली रबरी ओ-रिंगांनी ती सील होते आणि पुलर लावला की वर उपसून येते. याला वेट लायनर म्हणतात. कमिन्सची सी आणि एल सिरीज किंवा व्होल्व्होचं तेरा लिटरचं इंजिन या जातीचं. चासीवरचं काम अशा इंजिनासाठीच जन्मलं आहे: जुना लायनर ओढा, बैठक साफ करा, नवा लायनर, नवा पिस्टन, नव्या रिंगा. बोअर कोरा करकरीत मिळतो आणि ब्लॉक जागचा हलत नाही.

आता आपल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या इंजिनांपैकी एक घ्या, टाटाच्या ट्रकमधलं कमिन्स बी सिरीज, 5.9 लिटरचं. बोअर 102 मिलिमीटर, स्ट्रोक 120. यात कंपनीतून लायनर येतच नाही, पिस्टन थेट ब्लॉकच्या लोखंडात फिरतो. बोअर झिजला, अंडाकृती झाला की तो मशीनवर मोठा करून अर्धा किंवा एक मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन घालावा लागतो. त्याच्याही पलीकडे गेला तर स्लीव्ह ठोकावी लागते. दोन्हीसाठी ब्लॉक उतरवून बोरिंग मशीनवर चढवणं भाग आहे. याच घराण्यातलं 6.7 लिटरचं इंजिनही बिनलायनरचं. अशा इंजिनाचं हाफ म्हणजे बोअरला हलकं होनिंग, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, बस. बोअर मापात असेल तरच ते टिकतं. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर थोडे दिवस बरं वाटतं आणि पुढच्या हंगामाला गाडी परत त्याच गॅरेजात.

तेव्हा मेस्त्रीने "किट टाकून देतो" म्हटलं की विचारा, कसलं किट? लायनर बाहेर येणारा आहे, ब्लॉकमध्ये घट्ट दाबलेला, कूलंट न लागणारा ड्राय लायनर आहे की ब्लॉकमध्येच बोअर आहे? मेस्त्रीने चटकन सांगितलं तर माणूस जाणकार.

आकडे

खालचे भाव जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या, साडेपाच-सहा लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाचे, खासगी गॅरेजमधले ढोबळ भाव आहेत. कळंबोली, निगडी, नागपूरजवळचं वाडी किंवा कोल्हापूर, गावागणिक दहा-वीस टक्के इकडे-तिकडे होणार. कोटेशन वाजवी आहे की नाही हे ताडायला ते पुरतात.

पिस्टन-लायनर-रिंगांचं नावाजलेल्या मेकचं किट तीस ते पंचेचाळीस हजार. बाजारात वीस हजारांतही मिळतं. पण किटमध्ये पैसे वाचवणारा मालक मला कधीच समजलेला नाही, कारण मजुरी, गॅस्केट, ऑइल आणि उभी गाडी हा खर्च स्वस्त किटलाही तेवढाच लागतो. बिग एंड आणि मेन बेअरिंगं मिळून सहा ते दहा हजार. गॅस्केट सेट चार ते सात. हेडचं काम, म्हणजे प्रेशर टेस्टिंग, फेसिंग, गाइड, सीट कटिंग आणि लागतील ते व्हॉल्व्ह, दहा ते अठरा हजार. सहा नोझल आणि पंपाची सर्व्हिस बारा ते पंचवीस. ऑइल, फिल्टर, कूलंट नऊ ते बारा. ऑइल पंप, वॉटर पंप किट, थर्मोस्टॅट, होज, बेल्ट, माउंटिंग असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी दहा ते पंधरा. मेस्त्रीची मजुरी बारा ते अठरा. बेरीज करा: त्र्याण्णव हजारांपासून दीड लाखापर्यंत.

बघा, किट हा एकूण बिलाचा जेमतेम तिसरा हिस्सा आहे. "पस्तीस हजारांत इंजिन नवं करतो" म्हणणारा माणूस फक्त किटचा भाव सांगत असतो.

फुल करायचं तर याच्यावर इंजिन उतरवण्या-चढवण्याची दहा-पंधरा हजार जादा मजुरी, क्रँक ग्राइंडिंग पाच ते आठ, ब्लॉक बोरिंग किंवा स्लीव्ह दहा ते अठरा, अंडरसाइझ बेअरिंगं आणि कॅम बुश दोन ते पाच. गिअरबॉक्स खाली आलाच आहे म्हणून क्लच आणि मागचं क्रँक सील बदलायचे बारा ते वीस. म्हणजे एकोणचाळीस ते सहासष्ट हजारांची भर, एकूण सव्वा ते सव्वादोन लाखांच्या घरात. क्रँक ग्राइंडिंगच्या पलीकडे गेला असेल तर नव्याचे वेगळे.

कॉमन रेलच्या गाडीचं गणित निराळं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या बीएस-6 च्या सगळ्या मोठ्या डिझेल गाड्या आणि त्याआधीच्या बीएस-4 मधल्या पुष्कळशा यात मोडतात. एक इंजेक्टर दुरुस्तीला सहा ते दहा हजार, नवा अठरा ते तीस हजार, आणि असे सहा. सहाही नवे घेतले तर एक लाख आठ हजार ते एक लाख ऐंशी हजार, म्हणजे इंजेक्टरचंच बिल बाकी सगळ्या हाफ इंजिनाला भारी. शिवाय बऱ्याच इंजिनांत नव्या इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. स्कॅनर नसलेल्या गॅरेजात असं काम देऊ नका. बीएस-6 मध्ये आणखी एक मेख आहे. इंजिन ऑइल जाळायला लागलं की त्याची राख डीपीएफमध्ये साठते, आणि तो फिल्टर स्वस्त नाही. जुन्या गाडीत "खाऊ दे लिटरभर ऑइल" म्हणून वर्ष काढता येत असे, ती चैन या गाडीत नाही.

अधिकृत वर्कशॉपमध्ये हेच काम दीडपट-दुपटीला जातं. तिथे मापं कागदावर मिळतात आणि कामाची लेखी हमी मिळते. गाडी वॉरंटीत किंवा वार्षिक देखभाल करारात असेल तर दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच नाही. दहा वर्षांच्या गाडीला मात्र चांगला खासगी मेस्त्री आणि चांगलं मशीन शॉप ही जोडी पुरते.

जीएसटीचं एक लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के दर आहे. आधी इंजिनाच्या भागांवर 28 होता. जुनं रेटकार्ड दाखवून कुणी 28 लावत असेल तर हटका. पाच टक्क्यांच्या वाहतूक-कराखाली काम करणाऱ्याला या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो सरळ खर्चात धरायचा. तरीही बिल घ्याच. बिनबिलाच्या किटचा लायनर दोन महिन्यांत तडकला तर दुकानदार तुम्हाला ओळखणारही नाही.

चेंबर उघडल्यावर तिथे हजर राहा

सगळं काम बघत बसायची गरज नाही. एक सकाळ मात्र काढा, ज्या दिवशी चेंबर खाली येतो ती.

गाडीखाली गोणपाट टाकून मेस्त्री आडवा होतो, बिग एंडच्या कॅपा सोडतो, वरून पिस्टन ढकलत एकेक बाहेर काढतो. प्रत्येक कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या कॅपवर नंबर असतो, जोडी फुटता कामा नये. पोऱ्याने सगळ्या कॅपा एकाच डिझेलच्या घमेल्यात टाकल्या असतील तर तिथेच थांबवा. बेअरिंगचे अर्धगोल कपे ओळीने मांडून घ्या आणि बघा. राखाडी थर सारखा झिजलेला असेल तर चांगलं. आतलं तांबूस दिसायला लागलं तर ते बेअरिंग संपलं. उभ्या रेघा असतील तर ऑइलमधून कचरा फिरलाय. कपा जागचा फिरून मागच्या बाजूला चमकत असेल, तर हाफचा विषय तिथेच संपला.

मग क्रँक. जर्नल पुसून त्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ग्राइंडिंग, आणि ग्राइंडिंग चासीवर होत नाही. नख सरकलं तरी तेवढ्यावर विसंबू नका. मायक्रोमीटरने प्रत्येक बिग एंड जर्नल दोन दिशांनी मोजून आकडे वहीत लिहून घ्यायला लावा. मेन बेअरिंगं क्रँक न उतरवता बदलता येतात. कॅप काढून क्रँकच्या ऑइलच्या भोकात चपट्या डोक्याची छोटी पिन बसवतात आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवतात, पिन वरच्या कप्याला ढकलत बाहेर आणते. नवा कपा त्याच वाटेने, पण कप्याच्या टोकावरची जीभ जिकडून बसते तिकडूनच, आत सरकवायचा. पुष्कळ मेस्त्री इथे मेनला हात लावत नाहीत, "मेन चांगलं आहे शेठ" म्हणतात. निदान एक मेन कॅप उतरवून दाखवायला सांगा.

वेट लायनर काढल्यावर त्याच्या बाहेरच्या अंगाकडे नीट बघा. टाचणीने टोचल्यासारखी भोकं एका बाजूला ओळीने दिसली तर ती गंजाची नाहीत. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, बाहेरच्या पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंड कुरतडतात. याला कारण बहुतेक वेळा रेडिएटरमधलं बोअरवेलचं पाणी. नवं किट टाकून पुन्हा तेच पाणी भरलं तर पैसे पुन्हा त्याच भोकांतून जाणार. कूलंट योग्य प्रमाणात आणि शुद्ध पाण्यात मिसळूनच टाका. रेडिएटर आतून साफ करायचे पैसेही याच वेळी खर्च करा, कारण इंजिन तापून गेलं असेल तर मूळ आजार तिथेच असतो.

नवा लायनर बसल्यावर तो ब्लॉकच्या माथ्यापेक्षा केसभर वर राहिला पाहिजे. हे माप मिलिमीटरच्या शतांशांत असतं आणि डायल गेजनेच कळतं. लायनर बुडाला तर गॅस्केट पहिल्याच घाटात उडणार. ब्लॉकमधली त्याची बैठकच खचली असेल तर तीही मशीन शॉपचीच गोष्ट.

बिनलायनरच्या ब्लॉकला चासीवर होनिंग करताना खाली क्रँकवर फडकी गुंडाळलेली हवीत. दगडाची पूड जर्नलवर पडली तर नव्या बेअरिंगांचं आयुष्य आठवड्यात मोजावं लागेल. होनिंगनंतर बोअर नुसता डिझेलने पुसणं पुरत नाही. साबणाच्या गरम पाण्याने, पांढरं फडकं पांढरं निघेपर्यंत धुवायचा आणि लगेच ऑइल लावायचं. तीच गोष्ट जागेची. उघड्या अंगणात, शेजारून डंपर जाताना इंजिन बांधू देऊ नका. शेड नसलेलं गॅरेज दोन हजारांनी स्वस्त असेल, तरी नको.

पैशांचं बोलणं

"खोलल्यावर कळेल" हे मेस्त्रीचं वाक्य खरं असतं, म्हणून भाव दोन टप्प्यांत ठरवा. पहिला खोलून, धुऊन, मापं घेऊन दाखवायचा. त्याची मजुरी ठरलेली, पुढे काम तिथे करा अथवा न करा. दुसरा मापांनुसार हाफचा किंवा फुलचा, भागांची यादी आणि मेक लिहून. क्रँकला ग्राइंडिंग निघालं तर किती वाढतील, तेही त्याच कागदावर. एकरकमी ठेका टाळा. ठेक्यात वाचवायचे पैसे नेहमी हेडमधून, नोझलमधून आणि मेन बेअरिंगांतून वाचतात. काढलेले जुने भाग तुमचे आहेत, पोत्यात भरून ताब्यात घ्या. भंगाराच्या पैशांपेक्षा भाग खरंच बदलले याचा तो पुरावा.

कंपनीचं रिकंडिशन केलेलं इंजिन, टाटाचं प्रोलाइफ त्यातलं एक, जुनं देऊन बदली घेता येतं. खर्च फुलच्या वर जातो, पण गाडी लवकर सुटते आणि हमी मिळते. फक्त ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि तो आरसी बुकात चढवून घ्यावा लागतो. नाहीतर फिटनेसला आणि विम्याच्या क्लेमला अडकाल. हाफमध्ये ब्लॉक तोच, नंबर तोच, आरटीओचा संबंध नाही. विम्याचंही सांगून ठेवतो: झिजेने गेलेल्या इंजिनाचे पैसे मोटार पॉलिसीत मिळत नाहीत.

उभ्या गाडीचा हिशेब स्वतंत्र मांडा. साठ हजारांचा हप्ता असेल तर दिवसाला दोन हजार हप्त्याचेच, त्यात ड्रायव्हरचा पगार आणि बुडालेलं भाडं वेगळं. हाफ आणि फुलमधल्या दहा दिवसांची किंमत कित्येकदा मशीन शॉपच्या बिलाएवढी होते. म्हणून वेळ निवडा. ऊस ओढणाऱ्या गाडीचं इंजिन श्रावणात खोलावं, कारखान्याचा भोंगा झाल्यावर नव्हे. खडी-वाळूच्या डंपरलाही पावसाळा बरा, तेव्हा धंदा तसाही मंद असतो आणि मेस्त्रीही भाव ऐकतो. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, त्यात धुराची चाचणी असते. ती तारीखही समोर ठेवा. आणि गाडीची बाजारातली किंमत तीन-चार लाखांवर आली असेल तर फुलचा विचार सोडून द्या. हाफ मापात बसत असेल तर करा, नाहीतर आहे तशी विका.

इंजिन बांधून झाल्यावर स्टॉप दाबून ठेवून स्टार्टर मारायचा, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. टर्बोच्या ऑइल पाइपात आधीच ऑइल ओतलेलं असावं. मग सुरू करा, गळती बघा, गरम होऊ द्या आणि गाडी रस्त्यावर काढा. रात्रभर आयडलिंगवर "रनिंग" ठेवायची गॅरेजांची पद्धत चुकीची आहे. रिंगा बोअरला बसायला लोड लागतो. नुसत्या आयडलिंगने बोअरला काच चढते आणि गाडी नव्या किटवरही ऑइल खाते. पहिले हजारभर किलोमीटर निम्म्या लोडवर, वेग बदलत, चढाला इंजिन न गुदमरवता चालवा. त्यानंतर ऑइल-फिल्टर बदला, व्हॉल्व्ह क्लिअरन्स पुन्हा बघा. काढलेलं ऑइल जुन्या बनियनमधून गाळून चकाकी दिसते का पाहा. मजुरीतले शेवटचे दोन-तीन हजार या ऑइल बदलाच्या दिवशी द्यायचे, असं कामाला हात लावायच्या आधीच मेस्त्रीशी बोलून ठेवा.